झटपट जेवणाचा इतिहास : शिकागोच्या वाड्यापासून बिडाच्या तव्यापर्यंत



व्याख्यानमालेच्या फलकावर माझा विषय लागला तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली, असे माझ्या कानावर आले. कामगार संघटनेतला माणूस, बोलायचे तर बोनसवर बोलावे, संपावर बोलावे. हा डुकराच्या मांसाच्या पदार्थावर काय बोलणार? काहींनी नाक मुरडले असेल, तेही मी समजू शकतो. आपल्याकडे डुक्कर कोण पाळतो, कोण खातो, यावरून माणसाची पायरी ठरविण्याची खोड अजून गेलेली नाही. परंतु ज्याचा वास नकोसा वाटतो त्याचा इतिहास जाणून घेण्यास हरकत नसावी. मी तर म्हणेन, तो आधी जाणून घ्यावा.

प्रथम पदार्थ समजून घेऊ. अमेरिकेत कामावरून परतलेली बाई, किंवा बापा, सायंकाळी साडेसहाच्या सुमारास जेवणाची सोय करण्यासाठी चुलीवर एक जड, पसरट तवा ठेवतो. तवा बिडाचा असतो आणि त्याला तिकडे स्किलेट म्हणतात. डुकराच्या पाठीच्या मांसाचे बोटभर जाडीचे तुकडे दुकानातून कापून, बांधून आलेले असतात. त्यांना चॉप म्हणतात. ते फडक्याने कोरडे करावयाचे, मीठ-मिरपूड लावावयाची, आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूने तीन-चार मिनिटे ठेवावयाचे. मग आच कमी करून त्याच तव्यात लसूण, तपकिरी साखर किंवा मध, थोडा शिरका आणि लाल तिखट घालावयाचे. ते खदखदते, आटते, आणि काही क्षणांत मांसावर चकाकणारा गोड-तिखट लेप चढतो. हा पाक शेवटीच करावा लागतो; आधी घातला तर साखर जळून कडू होते. ज्या भगिनींनी पाकाच्या लाडवांत हात पोळून घेतला आहे त्यांना हे मी सांगावयास नको. झाले. भांडे एक, वेळ पंधरा ते वीस मिनिटे.

ही पंधरा मिनिटे आली कोठून, एवढाच आजचा माझा प्रश्न आहे. डुकराचे मांस हा मुळात सावकाशीचा पदार्थ आहे. आपल्या गोव्यातच पाहा. द्राक्षाच्या मद्यात आणि लसणीत मांस मुरवण्याची रीत पोर्तुगीजांनी बरोबर आणली. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून अमेरिकेकडून इकडे आली. गोव्याच्या स्वयंपाकघराने मद्याच्या जागी माडाच्या सुरेचा शिरका घातला आणि विंदालू तयार झाला. आंबट, तिखट, किंचित गोड. चवीची जात पाहाल तर त्या अमेरिकन तव्यावरच्या पदार्थाशी तिचे नाते जवळचे आहे. पण विंदालू मुरावा लागतो, आणि गोव्यातला माणूस तुम्हाला सांगेल की तो दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. तिथे घाईला वाव नाही.

अमेरिकेतही पूर्वी हीच तऱ्हा होती. डुक्कर हा त्या खंडाचा मूळचा प्राणी नव्हे. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तो तिकडे उतरला. पुढे इंग्रज वसाहतवाल्यांच्या काळात शेतकरी थंडी पडली की डुक्कर मारी, मिठात घालून पिंपात भरी, आणि वर्षभर ते खारवलेले मांस भिजवून, तासन् तास शिजवून खाई. बॉस्टनकडे घेवड्याचे दाणे, खारे डुक्कर आणि काकवी एकत्र करून मंद आचेवर शिजवीत. ती काकवी कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकविलेल्या उसाची असे. तेव्हा डुकरात गोडवा मिसळण्याची कल्पना आजची नव्हे, आणि त्या गोडव्यात कुणाचा तरी घाम नव्हता असा काळही सापडत नाही.

पिंपातले हे डुक्कर मोठ्या धंद्याचा विषय झाले ते ओहायो नदीच्या काठी, सिनसिनाटी गावी. आजूबाजूला मका अमाप पिके. मका गाडीत भरून दूर पाठवण्यापेक्षा डुकराच्या अंगात भरून पाठवणे स्वस्त पडे, कारण डुक्कर स्वतःच्या पायांनी चालत बाजारात येई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिनसिनाटीला लोक थट्टेने ‘पोर्कोपोलिस’, म्हणजे डुक्करनगरी म्हणू लागले. तिथे एक गोष्ट घडली, ती यंत्राच्या इतिहासात मला वाफेच्या एंजिनाइतकी मोठी वाटते. एका माणसाने एक अख्खे डुक्कर कापण्याऐवजी डुक्कर माणसांसमोरून पुढे सरकू लागले आणि प्रत्येक माणूस एकच काप मारू लागला. एक नरडे कापी, एक पोट फाडी, एक आतडी काढी, एक नुसते डोके वेगळे करी. यंत्र असे त्यात जवळजवळ काही नव्हते. माणसेच यंत्राप्रमाणे मांडली होती.

यादवी युद्धाच्या काळात हा मान शिकागोने हिरावून घेतला. १८६५ च्या नाताळच्या दिवशी तिथे ‘युनियन स्टॉक यार्ड’ नावाचा गुरांचा प्रचंड वाडा सुरू झाला. नावातल्या ‘युनियन’वर आपल्यापैकी कुणी भुलू नये, ती युनियन नऊ रेल्वे कंपन्यांची होती, कामगारांची नव्हे. आरमोर, स्विफ्ट, मॉरिस या धनिकांचे कारखाने त्या वाड्याभोवती उभे राहिले. डुकराचा मागचा पाय साखळीत अडकवून त्याला फिरत्या चाकावर उचलीत, आणि मग ते वरच्या रुळावरून लोंबकळत एकामागून एक माणसासमोर येई. बाहेरगावचे पाहुणे हा देखावा पाहावयास येत. चीत्काराखेरीज डुकराचे काहीही आम्ही वाया घालवीत नाही, अशी तिथली फुशारकी प्रसिद्ध आहे. १८८० च्या आगेमागे स्विफ्टने बर्फाने थंड ठेवलेले रेल्वेचे डबे चालू केले, आणि ताजे मांस हजार मैलांवर जाऊ लागले. पिंप आणि मीठ यांची सद्दी संपत आली. आज तव्यावर पडणारा ताजा चॉप हा त्या डब्याचा वारस होय.

हेन्री फोर्डने १९२२ च्या आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे की, मोटार जोडण्याची सरकती साखळी त्याला सुचली ती शिकागोच्या खाटकांच्या वरच्या रुळावरून. म्हणजे आधी प्राणी सोडवण्याची साखळी निघाली, मग मोटार जोडण्याची. आपल्या औद्योगिक वसाहतींत आज ज्या साखळीपुढे पोरे उभी राहतात तिचे मूळ गाव हे.

साखळीत जो काम करतो त्याला गती ठरविता येत नाही. सुतार दमला तर क्षणभर रंधा खाली ठेवतो. साखळीवरचा माणूस चाकू खाली ठेवील तर पुढचे डुक्कर थांबत नाही. गती ठरविणारा दुसराच कुणीतरी, आणि त्याला ती वाढवावयाची झाली तर पगार वाढवावा लागत नाही, माणूस वाढवावा लागत नाही, नुसता खटका फिरवावा लागतो. मी पंचवीसेक वर्षे कारखान्यांच्या दारांवर काढली. एका कारखान्यात हातात घड्याळ घेऊन माणसांच्या पाठीमागे उभा राहणारा एक साहेब होता. मोठा सभ्य गृहस्थ, कधी आवाज चढविला नाही. पण तो आला की हात आपोआप भरभर चालत, आणि तो जो आकडा लिहून नेई तो पुढल्या महिन्याचा किमान दर होई.

शिकागोत १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या मागणीसाठी जो प्रचंड संप झाला तो आपण मे दिन म्हणून पाळतो. ४ मे रोजी हेमार्केट चौकात बाँब पडला, पुढे खटला झाला, आणि ११ नोव्हेंबर १८८७ ला पार्सन्स, स्पाइझ, फिशर आणि एंगल यांना फाशी दिले. हे आपल्या प्रत्येक मे दिनाच्या सभेत सांगितले जाते. जे सांगितले जात नाही ते असे की, त्याच मे महिन्यात शिकागोच्या मांस कामगारांनी आठ तासांचा दिवस मिळविला होता, तोही दहा तासांच्या पगारावर. मालकांनी तो शरद ऋतूत परत हिसकावून घेतला. कामगार पुन्हा संपावर गेले. परंतु ‘नाइट्स ऑफ लेबर’ या त्यांच्याच संघटनेच्या पुढाऱ्याने, पॉवडर्लीने, कामावर जाण्याचा हुकूम सोडला आणि संप मोडला. आठ तास पुन्हा मिळावयास ३० मार्च १९१८ उजाडावा लागला. युद्ध चालू होते, सैन्याला मांस हवे होते, आणि न्यायाधीश आल्शुलर यांच्या लवादाने तो दिला. मध्ये बत्तीस वर्षे गेली.

या बत्तीस वर्षांत मार खाल्ला तो मुख्यतः फुटीमुळे. आधी आयरिश आणि जर्मन कामगार होते; मग पोलिश, लिथुएनियन, स्लोव्हाक आले. पहाटे फाटकापाशी माणसांची गर्दी उभी राही आणि मुकादम त्यातून हवी ती माणसे बोटाने निवडी. मुंबईच्या गिरणीच्या दारात बदली कामगार जसे उभे राहत तसेच. १९०४ च्या मोठ्या संपात मालकांनी संप फोडण्यासाठी जी माणसे आणली त्यांत दक्षिणेकडचे काळे मजूर बरेच होते. ज्यांना दुसरी सर्व दारे बंद होती त्यांना संपाच्या दिवशी एक दार उघडले, आणि त्याबद्दल शिव्या खाव्या लागल्या त्यांनाच. दार बंद ठेवणाऱ्यांना कुणी विचारले नाही. ते वैर मुरत गेले. १९१९ च्या उन्हाळ्यात शिकागोत वांशिक दंगल उसळली आणि ३८ माणसे मेली. १९२१-२२ चा संपही बुडाला.

इथे आपल्या घरात डोकावून पाहणे भाग आहे. १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप केला, तोही मूलतः गतीसाठीच. दोन मागांच्या जागी विणकराने तीन माग सांभाळावेत, अशी मालकांची नवी योजना होती. त्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांपुढे एक प्रश्न ठेवला: विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश का नाही? त्या खात्यात पगार जास्त होता, आणि धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे म्हणून स्पृश्य विणकर त्यांना तिथे येऊ देत नसत. ज्या एकजुटीचे गाणे आपण गातो तिच्या आतच ही भिंत होती. शिकागोची गोष्ट परक्यांची म्हणून ऐकण्याची सोय त्यामुळे आपल्याला राहत नाही.

अप्टन सिंक्लेअर हा तरुण लेखक १९०४ च्या त्या बुडालेल्या संपानंतर शिकागोत सात आठवडे राहिला. त्याची ‘द जंगल’ ही कादंबरी १९०५ मध्ये एका समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आणि १९०६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मी ती आपल्याच सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन, एका पावसाळ्यात वाचली. तिचा नायक लिथुएनियन मजूर आहे, आणि लेखकाला त्या मजुराची दैना सांगावयाची होती. वाचकांनी मात्र मांसात काय मिसळले जाते ती पाने तेवढी वाचली. देशभर ओरड झाली आणि ३० जून १९०६ ला मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे एकाच दिवशी झाले. चाकू धरणाऱ्या हातासाठी त्यांत एक ओळही नव्हती. आपण लोकांच्या हृदयावर नेम धरला आणि तो चुकून पोटाला लागला, अशा अर्थाचे सिंक्लेअरने पुढे म्हटले ते सर्वश्रुत आहे.

हाताची दाद लागली ती हातांनी स्वतः संघटना बांधली तेव्हा. नोव्हेंबर १९३३ मध्ये मिनेसोटातील ऑस्टिन गावी हॉर्मेल कंपनीच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले आणि मालकाला बोलणी करावयास लावले. १९३७ मध्ये मांस कामगारांची नवी संघटना बांधण्यास प्रारंभ झाला, आणि १९४३ मध्ये तिचे ‘युनायटेड पॅकिंगहाउस वर्कर्स’ असे नाव झाले. जुन्या पराभवाचा धडा हिने घेतला होता. काळे आणि गोरे एकाच शाखेत, एकाच सभेत बसत. कपडे बदलण्याच्या वेगळ्या खोल्या, काळ्यांना दिली जाणारी हलकी कामे, यांच्याविरुद्ध संघटना मालकाशी भांडली, आणि वेळ पडली तेव्हा स्वतःच्या सभासदांशीही भांडली. हे दुसरे भांडण किती कठीण असते ते ज्याने कधी युनियनची सर्वसाधारण सभा चालविली आहे त्यालाच कळेल. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीला पैसे उभे करून देणाऱ्यांत ही संघटना होती.

त्या काळात मांस कामगाराचा पगार सन्मानाचा झाला. तोही संध्याकाळी घरी जाऊन आपल्या तव्यावर चॉप टाकू लागला. माझ्या मते या पदार्थाचा तो सर्वांत चांगला काळ. ज्याने कापले त्याच्याही ताटात तो होता.

मग डुक्कर बदलले. पूर्वी डुकराची किंमत चरबीवर ठरे, कारण स्वयंपाकाला डुकराचीच चरबी वापरीत. दुसऱ्या महायुद्धानंतर वनस्पती तेलांनी तिची जागा घेतली आणि पैदास करणाऱ्यांनी सडपातळ डुक्कर काढले. १९८७ पासून डुक्करपालकांच्या संघटनेने ‘दुसरे पांढरे मांस’ अशी जाहिरात चालविली, म्हणजे कोंबडीचा भाऊच समजा. आता चरबी गेली की मांस फार वेळ चुलीवर राहू शकत नाही. ते वातड होते. म्हणून ते झटपट शिजवणे आले, आणि हरवलेली चव भरून काढावयास तो गोड-तिखट पाक कामास आला. २०११ मध्ये अमेरिकन कृषी खात्याने डुकराचा अखंड तुकडा ७१ ऐवजी ६३ अंश सेल्सियसपर्यंत तापवून तीन मिनिटे तसाच ठेवला तरी पुरे, असे जाहीर केले. तव्यावरची आणखी काही मिनिटे वाचली.

डुकराबरोबर कारखानाही बदलला. मोठ्या कंपन्या शिकागो सोडून, जिथे युनियन नाही अशा लहान गावांकडे निघाल्या. आरमोरने १९५९ मध्ये तिथला कारखाना बंद केला. १९७१ मध्ये तो वाडाच बंद झाला, आणि आज तिथे दगडी कमान तेवढी उभी आहे. १९८४ मध्ये हॉर्मेलने ऑस्टिनच्या कामगारांचा तासाचा पगार १० डॉलर ६९ सेंटवरून ८ डॉलर २५ सेंटवर आणला. १९३३ च्या वीरांची मुले आणि नातवंडे ऑगस्ट १९८५ मध्ये संपावर गेली. कंपनीने नवे कामगार भरले, राज्याचे लष्करी पथक फाटकावर आले, आणि वरच्या संघटनेने स्थानिक शाखेचा पाठिंबा काढून घेतला. पॉवडर्लीची आठवण यावी असे ते झाले. यानंतर साखळीपुढे मेक्सिकोतून, मध्य अमेरिकेतून, पुढे ब्रह्मदेशातून आणि आफ्रिकेतून आलेली माणसे उभी राहिली.

तिकडे बाई नोकरीवर जाते, दमून घरी येते, आणि तिला वीस मिनिटांत जेवण करता आले तर त्यात वाईट काय, असे कुणी विचारील. काहीच वाईट नाही. मला त्याचा आनंदच आहे. तिची मिनिटे वाचली हे खरेच. पण दुसरीकडे कुणाची तरी मिनिटे आवळली गेली हेही तितकेच खरे. आपल्या गिरणगावात खाणावळवाल्या बाईमुळे गिरणी कामगाराला वेळेवर डबा मिळे, आणि ती बाई कधी उठते हे विचारण्याची पद्धत नव्हती.

आवळणे म्हणजे काय, त्याचा आकडा सांगतो. अमेरिकेत जुन्या तपासणी पद्धतीत कत्तलीच्या साखळीवर ताशी ११०६ डुकरांची कमाल मर्यादा होती. म्हणजे सुमारे सव्वातीन सेकंदांना एक डुक्कर. सव्वातीन सेकंदांत मी नुसते ‘सभ्य स्त्रीपुरुषहो’ म्हणू शकतो. मनगटाचे, बोटांचे, खांद्याचे जे विकार या कामात जडतात ते अपघात नव्हेत. ते त्या गतीचेच उत्पादन होय.

एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या दिवसांत साउथ डकोटातील सू फॉल्स येथील स्मिथफील्ड कंपनीचा डुकराचा कारखाना बंद करावा लागला. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या त्या कामगारांपैकी १२९४ जणांना लागण झाली, चार जण दगावले. २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला की, मांसाचे कारखाने चालू राहिले पाहिजेत, देशाला त्यांची गरज आहे. सप्टेंबरमध्ये सरकारच्या कामगार सुरक्षा विभागाने कंपनीला दंड सुचविला, तो १३ हजार ४९४ डॉलरांचा.

त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, कृषी खात्याने नवी पद्धत स्वीकारणाऱ्या कारखान्यांसाठी ती ११०६ ची मर्यादाच उठविली होती. मांस कामगारांची आजची संघटना न्यायालयात गेली. ३१ मार्च २०२१ रोजी मिनेसोटातील संघीय न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. कारण साधे होते: नियम करताना कामगारांच्या सुरक्षिततेवर लोकांनी ढीगभर हरकती पाठविल्या होत्या, आणि खात्याने त्यांचा विचारच केला नव्हता. मालकांना तयारीसाठी नव्वद दिवस दिले. जून २०२१ संपता संपता वेग वाढविलेले ते कारखाने पुन्हा ताशी ११०६ वर आले. आणि त्याच नोव्हेंबरात खात्याने ठराविक मुदतीची नवी चाचणी जाहीर केली, ज्याला अधिक गती हवी त्याने कामगारांना होणाऱ्या दुखापतींची माहितीही द्यावी, अशा अटीवर.